छोट्या आणि एकट्या पडलेल्या वन्यप्राण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राण्यांच्या गणनेचे आकडे जाहीर झाले की हे प्रश्न हमखास येतात. उत्तरं जरा लांब झालीत, पण हा विषय दोन ओळीत गुंडाळला की गैरसमजच जास्त पसरतात. सगळ्या उत्तरांमागे एकच म्हणणं आहे: एकूण प्राणी किती यापेक्षा त्यातले किती पिल्लं देतायत आणि बाहेरून नवीन प्राणी येऊन मिसळतोय का, हे आधी बघा, आणि उपाय करायचा तर हातात पुरेसे प्राणी असतानाच करा.

जनुकीय विविधता म्हणजे नक्की काय हो?

एका जातीच्या सगळ्या प्राण्यांत जीन्स, म्हणजे गुण ठरवणारे डीएनएचे तुकडे, साधारण तेच असतात, पण एकेका जीनचे वेगवेगळे प्रकार असतात, आणि कोणाकडे कुठला प्रकार आलाय यावरून कोणी एखाद्या रोगाला तोंड देतो, कोणाला दुष्काळ सोसतो, कोणाची पिल्लं जास्त जगतात. असे जितके जास्त प्रकार त्या गटात शिल्लक, तितकी विविधता जास्त. प्रत्येक प्राण्याला एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते, दोन्ही वेगळ्या असल्या तर एकीतला दोष दुसरी झाकते. ही दोन प्रतींची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे.

संख्या तर वाढतेय, मग काळजी कसली?

संख्या वाढणं चांगलंच आहे, त्यात वादच नाही, पण हरवलेली विविधता संख्येबरोबर परत येत नाही. नॉर्दर्न एलिफंट सील नावाचा समुद्री प्राणी चरबीच्या तेलासाठी इतका मारला गेला की १८९० च्या दशकात फार तर काही डझन उरले असावेत, मग संरक्षण मिळालं आणि आज ते दोन लाखाच्या वर आहेत. तरी त्यांच्या डीएनएमध्ये विविधता अगदीच थोडी आहे, कारण हे सगळे लाखो त्या मूठभरांचेच वंशज. नवीन प्रकार म्युटेशनने, म्हणजे डीएनएत आपोआप होणाऱ्या बदलाने, तयार होतात आणि त्याला हजारो पिढ्या लागतात, आपल्या योजनांच्या पाच किंवा दहा वर्षात काही होत नाही.

दुसरं म्हणजे मोजलेले सगळे प्राणी पुढच्या पिढीत भर घालत नाहीत. पिल्लं असतात, म्हातारे असतात, जोडीदार न मिळालेले असतात. म्हणून शास्त्रज्ञ 'इफेक्टिव्ह' म्हणजे परिणामकारक संख्या काढतात. समजा एका जंगलात १०० वयात आलेले प्राणी आहेत, त्यात ५० नर ५० माद्या आणि सगळ्यांना साधारण सारखी संधी, तर परिणामकारक संख्या १०० च्या आसपास. पण १० च नर आणि ९० माद्या असतील तर तीच संख्या ३६ वर येते, कारण पुढच्या पिढीचे निम्मे जीन्स त्या दहा नरांमधूनच येणार. त्यात एखादा दांडगा नरच बहुतेक माद्यांशी जुळत असेल तर अजून खाली. जंगलातल्या बऱ्याच प्राण्यांत परिणामकारक संख्या एकूण संख्येच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते असा ढोबळ अंदाज धरतात, म्हणजे ५०० प्राण्यांचा आकडा ऐकून खूश होण्याआधी मनात ५० धरायचे.

लॉस एंजेलिसचा पी-२२ नावाचा प्यूमा (अमेरिकेतलं मोठं रानमांजर) हे याचं अगदी बोलकं उदाहरण. दोन मोठे फ्रीवे ओलांडून तो ग्रिफिथ पार्कमध्ये पोचला, साधारण दहा वर्षं तिथे राहिला, लोकांचा लाडका झाला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये गेला. त्या सगळ्या काळात त्याला तिथे मादी मिळाली नाही. प्रत्येक मोजणीत तो 'एक' होता, पुढच्या पिढीच्या हिशोबात शून्य.

छोट्या गटात बिघडतं काय नेमकं?

दोन गोष्टी एकदम होतात. पहिली ड्रिफ्ट, म्हणजे निव्वळ योगायोगाने जीनचे प्रकार गळून जाणं. डब्यात दहा रंगांचे मणी आहेत आणि दर वेळी तुम्ही मूठभरच उचलून त्यावरूनच पुढचा डबा भरताय, तर काही रंग हळूहळू नाहीसे होणारच, ते वाईट होते म्हणून नाही तर मुठीत आले नाहीत म्हणून. मूठ जितकी लहान तितके रंग लवकर जातात. याचा हिशोबही आहे: परिणामकारक संख्या २५ असेल तर दर पिढीला साधारण २ टक्के विविधता जाते, दहा पिढ्यात १८ टक्क्यांच्या आसपास. तीच संख्या ५०० असेल तर दहा पिढ्यात जेमतेम १ टक्का.

दुसरी इनब्रीडिंग, नात्यातलं प्रजनन. गट लहान असला की थोड्याच पिढ्यात सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात, बाहेरचं कोणी येत नाही, मग भाऊबहीण, बापलेक असे जोड जमतात. वर म्हटलं तसं एक प्रत दुसरीचा दोष झाकते, पण आईबाप जवळचे असले की दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता वाढते आणि दोष उघडा पडतो. सख्ख्या बहीणभावाच्या पिल्लात कुठल्याही जीनच्या बाबतीत ही शक्यता २५ टक्के असते.

आणि या दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात: पिल्लं कमी जगली की गट अजून लहान, गट लहान झाला की नातं अजून जवळचं. यातून गट आपला आपण बाहेर पडणं फार कठीण, म्हणूनच बाहेरून हात द्यावा लागतो.

हे डोळ्यांना दिसतं का, की फक्त लॅबमधल्या रिपोर्टात?

दिसतं, पण उशिरा दिसतं, हीच तर अडचण आहे. फ्लोरिडा पँथर म्हणजे फ्लोरिडातला प्यूमा, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला २० ते ३० उरले होते. त्यांच्या शेपट्या टोकाशी वाकड्या, पाठीवर केसांचा उलटा भोवरा, नरांमध्ये वृषण खाली न उतरणं, वीर्यात खराब शुक्राणूंचं प्रमाण प्रचंड, काहींच्या हृदयाला छिद्र. वाकड्या शेपटीने कोणी मरत नाही, पण ती दिसली म्हणजे आत बरंच काही बिघडलंय हे कळतं. २०२० मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरातल्या प्यूमातही तशीच वाकडी शेपटी दिसली तेव्हा अभ्यासक हादरले ते यामुळेच.

अमेरिकेतल्या आयल रॉयल बेटावरच्या लांडग्यांच्या पाठीच्या कण्यात दोष आढळले. इलिनॉयमधल्या ग्रेटर प्रेअरी चिकन या माळरानावरच्या पक्ष्यांत तर अंडीच उबेनाशी झाली. तिथे अधिवास सुधारायचं काम चालू होतं, शिकारी प्राण्यांवर लक्ष होतं, तरी संख्या साधारण २००० वरून १९९४ पर्यंत ५० च्या खाली आली. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार गवत चांगलं आहे, जागा आहे, मग पक्षी का कमी होतायत, आणि खरं कारण अंड्याच्या आत होतं.

पण विविधता नसतानाही काही प्राणी मजेत जगतायत की?

हो, जगतायत, आणि हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन निकोलस बेटावरचा छोटा कोल्हा घ्या, त्याच्या जीनोममध्ये, म्हणजे पूर्ण डीएनएत, विविधता जवळपास नाहीच, तरी तो हजारो वर्षं टिकलाय. सायबेरियाजवळच्या रँगल बेटावरचे मॅमथ अगदी थोड्या प्राण्यांपासून वाढले आणि काही शे च्या संख्येवर सुमारे ६००० वर्षं राहिले, साधारण ४००० वर्षांपूर्वी संपले. बराच काळ हळूहळू लहान राहिलेल्या गटात अतिघातक दोष असलेले प्राणी पिल्लं देण्याआधीच मरतात आणि ते दोष गटातून निघून जातात, याला पर्जिंग म्हणतात. न्यूझीलंडचा न उडणारा काकापो पोपट, त्याच्या स्टुअर्ट बेटावरच्या वंशात मुख्य भूमीवरच्या वंशापेक्षा घातक म्युटेशन्स कमी सापडली.

पण यावरून 'मग काही करायलाच नको' हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. एक म्हणजे आपल्याला टिकलेलेच दिसतात, याच वाटेवर जे संपले ते मोजायला कोणी नाही. दुसरं, पर्जिंगला शेकडो पिढ्या लागतात आणि तेही मोठे दोष काढतं, बारीकसारीक दोष साठतच राहतात. रस्ता, धरण, शेती यामुळे गेल्या पन्नास वर्षात अचानक तुटलेल्या गटाला तेवढा वेळ मिळालेलाच नाही, त्याच्यात मोठ्या संख्येच्या काळातले सगळे झाकलेले दोष तसेच आहेत आणि आता ते एकदम उघडे पडणार.

उलट बाजूनेही सांगायला हवं. मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखातातला वाकिटा हा डॉल्फिनसारखा छोटा पॉरपॉइज, जेमतेम दहाच्या आसपास उरलाय, आणि बरेच लोक म्हणतात आता जेनेटिक्सच्या दृष्टीने संपलाच, सोडून द्या. २०२२ मध्ये त्याच्या जीनोमचा अभ्यास झाला त्यात दिसलं की तो पूर्वीपासूनच थोड्या संख्येत राहत आलाय, घातक दोष कमी आहेत, आणि जाळ्यात अडकून मरणं थांबलं तर सावरू शकतो. त्याला मारतायत गिलनेट जाळी, जीन्स नाहीत. जेनेटिक्सचं नाव पुढे करून हात झटकणं मला तरी अजिबात पटत नाही.

रोगाचा याच्याशी संबंध काय?

फार मोठा. सगळ्यांची प्रतिकारशक्ती साधारण सारखी असेल तर एकाला मारणारा विषाणू बाकीच्यांनाही मारू शकतो. चित्त्यांचं उदाहरण जुनं आहे, १९८० च्या दशकात नात्यात नसलेल्या चित्त्यांची कातडी एकमेकांना लावून बघितली तर शरीराने ती परकी म्हणून लगेच नाकारली नाही, इतके ते आतून सारखे निघाले.

पण जीन्सइतकाच जागेचाही प्रश्न असतो. १९९४ मध्ये सेरेंगेटीत कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूने साधारण एक तृतीयांश सिंह मेले, तरी तिथे सिंह भरपूर आणि पसरलेले होते म्हणून ते सावरले. गीरमध्ये २०१८ साली दलखाणिया भागात त्याच विषाणूने वीसहून जास्त सिंह गेले. २०२५ च्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह मोजले गेले, ही खरोखर मोठी कामगिरी आहे आणि तिथल्या लोकांचं त्यात श्रेय आहे, पण आशियाई सिंह मोकळ्या जंगलात जगात त्याच एका प्रदेशात आहेत आणि सगळे फार थोड्या पूर्वजांपासून आलेत. दुसरं घर हवं म्हणून सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१३ मध्ये काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला न्यायला सांगितलं होतं, ते सिंह गेले नाहीत, २०२२ मध्ये कुनोत आफ्रिकेतले चित्ते आले. संख्या चांगली असताना दुसरं घर वसवणं सोपं असतं, साथ आल्यानंतर नेण्यासारखे प्राणीच शिल्लक नसतात.

मग किती प्राणी असले की गट सुरक्षित?

५०/५०० चा नियम तुम्ही ऐकला असेल, १९८० पासूनचा आहे. परिणामकारक संख्या ५० असली तर नजीकच्या काळात इनब्रीडिंगचा मोठा फटका टळतो, आणि ५०० असली तर लांबच्या काळात बदलत्या परिस्थितीशी जुळवून घ्यायची ताकद टिकते. २०१४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी पुरावे बघून हे आकडे दुप्पट करा, १०० आणि १००० धरा असं सुचवलं. दोन्ही आकडे परिणामकारक संख्येचे आहेत, जंगलात मोजलेल्या डोक्यांचे नाहीत, आणि बातम्यांमध्ये नेमकी इथेच गल्लत होते.

अजून एक. ५० च्या खाली गेला म्हणजे गट वाया गेला असं नाही. मॉरिशस केस्ट्रल हा छोटा ससाणा १९७४ मध्ये जंगलात फक्त ४ माहीत होते, न्यूझीलंडच्या चॅथम बेटांवरचा ब्लॅक रॉबिन १९८० मध्ये ५ पक्षी आणि त्यात अंडी घालून पिल्लं वाढवणारी एकच मादी, तिचं नाव ओल्ड ब्लू. दोन्ही जाती आज शेकडोंमध्ये आहेत. हा नियम धोक्याची घंटा म्हणून वापरायचा, कोणाला वाचवायचं आणि कोणाला सोडायचं हे ठरवायला नाही.

जेनेटिक रेस्क्यू म्हणतात ते काय असतं?

एकट्या पडलेल्या गटात दुसरीकडचे थोडे प्राणी आणून सोडायचे, त्यांची पिल्लं होऊ द्यायची, म्हणजे झाकायला दुसरी प्रत परत मिळते. १९९५ मध्ये टेक्सासहून ८ प्यूमा माद्या फ्लोरिडात सोडल्या, त्यातल्या पाचांनी पिल्लं दिली. पुढच्या पिढ्यांत वाकड्या शेपट्या, हृदयाचे दोष कमी झाले, पिल्लं जास्त जगू लागली आणि आज तिथे साधारण १२० ते २३० प्रौढ प्राणी असल्याचा अंदाज आहे. टेक्सासच्या उरलेल्या माद्या नंतर काढून घेतल्या, म्हणजे स्थानिक ओळख पुसली जाईल या भीतीलाही उत्तर होतं.

स्वीडनच्या दक्षिण टोकाला स्मीगेहूक इथे अॅडर सापांचा एक छोटा गट शेतांच्या मध्ये अडकला होता, मेलेली आणि व्यंग असलेली पिल्लं जन्मायची. १९९२ मध्ये दुसरीकडचे २० नर आणून सोडले, चार हंगाम ठेवले, मग जे सापडले ते परत नेले, आणि त्यानंतर काही वर्षांतच तरुण सापांची संख्या चांगलीच वर गेली. प्रेअरी चिकनमध्ये मिनेसोटा, कॅन्सस, नेब्रास्काहून पक्षी आणल्यावर अंडी उबण्याचं प्रमाण परत ९० टक्क्यांच्या वर गेलं.

आणि कधीकधी एकच प्राणी पुरतो. स्कँडिनेव्हियात १९८३ मध्ये लांडग्यांची एक जोडी प्रजनन करू लागली, पण पुढे आठेक वर्षं गट दहाच्या वर जाईना, १९९१ मध्ये पूर्वेकडून एक नवीन नर आपल्या पायांनी आला आणि तिथून संख्या भराभर वाढायला लागली. ढोबळ नियम असा की दर पिढीला एक ते दहा नवीन प्राणी येऊन प्रजनन करत असतील तर गट बऱ्यापैकी सांभाळला जातो, आणि यात 'प्रजनन' हा शब्द महत्त्वाचा, नुसता येऊन गेला तर उपयोग नाही.

पण बाहेरचे मिसळले तर मूळ जातीची शुद्धता जाणार नाही का?

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो आणि तो पूर्ण निराधार नाही. तात्रा पर्वतात आयबेक्स या रानशेळ्यांमध्ये तुर्कस्तान आणि सिनाईकडच्या उष्ण भागातल्या जातभाईंचं मिश्रण केलं गेलं, त्यांची संकरित पिल्लं ऐन थंडीत जन्मायला लागली आणि तो गट संपला. म्हणजे फार वेगळ्या हवामानातले, फार जुन्या काळी वेगळे झालेले प्राणी मिसळू नयेत हे बरोबर.

पण बहुतेक वेळा आपण ज्या गटांबद्दल बोलतो ते शे-दोनशे वर्षांपूर्वी एकच होते, माणसाने मधलं जंगल तोडलं म्हणून वेगळे झाले. जात तीच, क्रोमोसोम (गुणसूत्रं) तेच, हवामान साधारण तेच, आणि वेगळं होऊन ५०० वर्षंही झाली नाहीत, तर मिसळण्यात धोका फार कमी असतो आणि फायदा मोठा. अशा ठिकाणी शुद्धतेच्या नावाखाली इनब्रीडिंग होऊ देणं म्हणजे त्या प्राण्यांना हळूहळू मरायला सोडणं आहे, हे मी अगदी विचार करून लिहितेय. एखाद्या गटाचं वेगळेपण नक्की किती नैसर्गिक निवडीतून आलंय आणि किती नुसत्या ड्रिफ्टमधून, हे आधी तपासायला हवं. ओडिशातल्या सिमलीपालचे 'काळे' वाघ बघा: जाड, एकमेकांत मिसळलेले पट्टे एका म्युटेशनमुळे येतात, ते २०२१ मध्ये बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या गटाने शोधून काढलं, आणि इतर जंगलांतल्या वाघांच्या नमुन्यांत ते सापडलं नाही. एखादा दुर्मिळ प्रकार एकाच ठिकाणी इतका वाढतो तेव्हा गट लहान आणि तुटलेला आहे हे त्यामागचं पहिलं कारण असतं. फोटो सुंदर येतात, पण मला ते बघून काळजीच जास्त वाटते.

कॉरिडॉर असला की हे सगळं आपोआप सुटतं का?

कॉरिडॉर, म्हणजे दोन जंगलांना जोडणारी वाट, असेल आणि प्राणी तो खरंच वापरत असतील तर तो सगळ्यात चांगला उपाय, कारण एकदा वाट मोकळी झाली की वाघ, अस्वल आपले आपण जातात, कोणाला बेशुद्ध करावं लागत नाही, आणि फक्त एका जातीला नाही तर सगळ्यांनाच वाट मिळते. कॅनडात बॅन्फमध्ये हायवेवर पूल आणि खालून बोगदे केले, तिथे तारांना अडकलेल्या केसांचे डीएनए तपासून दिसलं की रस्ता ओलांडणारी अस्वलं पलीकडे जाऊन पिल्लंही देतायत. पेंचमधून जाणाऱ्या महामार्ग ४४ खाली ठेवलेल्या मोकळ्या जागांतून वाघ आणि रानकुत्री जाताना कॅमेऱ्यात आलेत. नकाशावर हिरवी पट्टी रंगवली म्हणजे कॉरिडॉर झाला असं मात्र होत नाही, मध्ये एक कुंपण, एक कालवा किंवा रात्रभर वाहणारा एक रस्ता आला तरी वाट बंद.

वाट उरलीच नसेल तर प्राणी उचलून नेता येतात ना?

येतात, पण जिकिरीचं काम आहे. मध्य प्रदेशातल्या पन्नात २००९ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता, मग बांधवगड, कान्हा, पेंचहून वाघ आणले. पेंचचा नर आल्या आल्या पन्ना सोडून परत आपल्या दिशेने निघाला, माणसं आणि हत्ती महिनाभर मागे, शेवटी पकडून परत आणला, आणि २०१० मध्ये पहिली पिल्लं झाली. २०२४ च्या शेवटी ताडोबाच्या जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमलीपालला नेल्या, त्यातली झीनत निघाली ती झारखंड करून थेट पश्चिम बंगालमध्ये, डिसेंबरच्या शेवटी तिला बेशुद्ध करून परत आणावं लागलं.

आणि ज्या कारणाने आधीचे प्राणी संपले ते कारण तसंच असेल, फास, विषप्रयोग, भक्ष्यच नाही, तर आणलेलेही जातील. स्पेन आणि पोर्तुगालमधल्या आयबेरियन लिंक्स या रानमांजराचं काम यशस्वी झालं कारण सगळं एकाच वेळी केलं: सशांची संख्या, रस्त्यावरचे मृत्यू, स्थानिक लोक, बंदिस्त प्रजनन आणि उरलेल्या दोन गटांची मिसळ. २००२ मध्ये १०० च्या आत होते, २०२३ च्या मोजणीत २००० च्या वर, आणि २०२४ मध्ये आययूसीएन या निसर्गसंरक्षणाच्या जागतिक संघटनेने त्यांना 'संकटग्रस्त' मधून एक पायरी खाली, 'असुरक्षित' मध्ये आणलं.

प्राणिसंग्रहालयात पैदास करून सोडले तर?

शेवटचा आधार म्हणून उपयोगी, आणि काही जाती फक्त त्यामुळेच आहेत. ब्लॅक-फूटेड फेरेट या अमेरिकेतल्या छोट्या मांसाहारी प्राण्याचे शेवटचे १८ पकडून आणले, त्यातल्या ७ जणांचाच वंश पुढे चालला. अशा वेळी स्टडबुक ठेवतात, कोणाचं कोणाशी काय नातं हे सगळं लिहून, आणि ज्याचे नातलग गटात सगळ्यात कमी त्याला जोडीदार आधी. कॅलिफोर्निया काँडर हे मोठं गिधाड, १९८२ मध्ये २२ उरले होते, नंतर उरलेले सगळे पकडून पैदास केली तेव्हा पिल्लं अंड्यातच मरणारा एक खुजेपणाचा दोष दिसला, तो कुठल्या वंशात आहे ते बघून जोड्या लावाव्या लागल्या. पिंजऱ्यात फार पिढ्या गेल्या की माणसाला न घाबरणारे, पिंजऱ्यात चांगले वाढणारे प्राणी निवडले जातात, म्हणून जितक्या कमी पिढ्या आत तितकं बरं.

आपण मदत करतोय ती चुकीची ठरू शकते का?

शकते. वर ज्या ब्लॅक रॉबिनबद्दल लिहिलं, त्यातल्या काही माद्या घरट्याच्या मधोमध न घालता काठावरच अंडी घालायच्या आणि ती वाया जायची. पाच पक्षी उरले असताना एकेक अंडं मोलाचं, म्हणून कार्यकर्ते ती हाताने आत सरकवायचे, आणि ते बरोबरच होतं. पण त्यामुळे हा दोष असलेल्या माद्यांची पिल्लंही जगली आणि १९८९ पर्यंत निम्म्याहून जास्त माद्या काठावर अंडी घालायला लागल्या. संख्या सावरल्यावर सरकवणं बंद केलं, तेव्हा ते प्रमाण परत उतरलं. मदत कधी थांबवायची हेही योजनेत लिहिलेलं असावं, इतकंच.

क्लोनिंगचं ऐकलं होतं, त्याने सुटेल का प्रश्न?

एका मर्यादेत सुटतो. विला नावाची फेरेट त्या सात पूर्वजांमध्ये नव्हती, पण १९८८ मध्ये तिच्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या. त्यातून डिसेंबर २०२० मध्ये एलिझाबेथ अॅन जन्मली, नंतर अँटोनिया, आणि २०२४ मध्ये अँटोनियाला पिल्लंही झाली, म्हणजे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हरवलेली विविधता परत गटात आली. खरं श्रेय पेशी जपून ठेवणाऱ्यांचं, कारण गोठवलेलंच नसेल तर क्लोन कशाचा करणार. एकाच प्राण्याच्या शंभर प्रती काढून मात्र विविधता वाढत नाही.

जंगलातल्या प्राण्याचा डीएनए मिळवतात कसा, पकडतात का?

बहुतेक वेळा नाही. विष्ठा, केस, गळलेली पिसं, लाळ, पाणवठ्यातलं पाणी, यातून चालतं. ताजी विष्ठा असेल तर आतड्याच्या पेशी मिळतात, त्यावरून प्राणी कोण, नर की मादी, कोणाचं पिल्लू, सगळं कळतं. उन्हापावसात पडलेल्या नमुन्यातून कमी मिळतं. आता पूर्ण जीनोम वाचता येतो तेव्हा दोन्ही प्रती सारख्या असलेले लांबच लांब पट्टे दिसतात, पट्टे लांब असले तर इनब्रीडिंग अलीकडचं, छोटे छोटे असले तर जुनं.

हे कुठल्या करारात वगैरे आहे का?

आहे. डिसेंबर २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता आराखड्यात पाळीव आणि जंगली दोन्ही जातींची जनुकीय विविधता टिकवणं आलंय, आणि किती गटांची परिणामकारक संख्या ५०० च्या वर आहे हा एक निर्देशक धरलाय.

एकदा नवीन प्राणी सोडले की काम झालं ना?

नाही, आणि आयल रॉयलची गोष्ट यासाठी सांगायलाच हवी. लांडगे तिथे १९४० च्या दशकाच्या शेवटी गोठलेल्या सरोवरावरून चालत गेले, १९८० मध्ये ५० पर्यंत वाढले, मग पार्व्हो विषाणूने कोसळले. १९९७ मध्ये एक नवीन नर बर्फावरून आला, आधीच्या नरांपेक्षा दांडगा, आणि काही वर्षं गट सुधारला. पण त्याचीच पिल्लं इतकी यशस्वी झाली की थोड्या पिढ्यात सगळे त्याचेच नातलग, परत तेच जवळचं प्रजनन. बर्फाचे पूल आता क्वचितच बनतात त्यामुळे दुसरा कोणी येईना. २०१६ पासून दोनच लांडगे उरले, बाप आणि लेक, आणि ते सावत्र भाऊबहीणही होते. शेवटी २०१८ आणि २०१९ मध्ये १९ लांडगे वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून सोडले. एका प्राण्याने मिळालेला दिलासा काही पिढ्याच टिकतो, वाट बंद असेल तर परत परत आणावे लागतात आणि कोणाची किती पिल्लं झाली हे बघत राहावं लागतं.

आम्ही शास्त्रज्ञ नाही, जंगलात फिरायला जातो, आम्हाला काही करता येईल?

येईल. रस्त्यावर मेलेला वन्यप्राणी दिसला तर हात न लावता जागा आणि वेळ टिपून लगेच वनविभागाला कळवा, ताज्या ऊतीचा नमुना विष्ठेपेक्षा कितीतरी चांगला असतो आणि प्राणी कुठे ओलांडतायत तेही कळतं. वाघ, बिबट्या, रानकुत्री संरक्षित जंगलाबाहेर दिसले, शेतात, ओढ्याकाठी, तर ती नोंद जंगलातल्या फोटोपेक्षा जास्त मोलाची आहे कारण तिथूनच वाट जात असते, फक्त नेमकी जागा सगळ्यांसमोर टाकू नका, शिकारीही तेच वाचतात. आणि तुमच्या भागात नवीन रस्ता किंवा कालवा होणार असेल तर जनसुनावणीला जाऊन प्राण्यांसाठी ओलांडायची जागा कुठे ठेवलीय, किती रुंद आहे आणि ती कोणत्या नोंदींवरून ठरवली, हे लेखी विचारा.